आतली खूण

शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर, उत्तरेकडे खिडकी असलेल्या एका खोलीत भिंगबाई जुने फिल्मचे कॅमेरे दुरुस्त करायची. हे नाव तिला गिऱ्हाइकांनी दिलेलं. लेन्समधली बुरशी काढावी तर तिनेच, असा तिचा लौकिक होता. खिडकीखाली टेबल, टेबलावर पांढरं कापड आणि कापडावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडलेले बारीक स्क्रू. खोलीत पंखा होता, पण त्याला हात लावायचा नाही, भर उन्हाळ्यातही नाही. पंख्याने धूळ उडते, आणि धूळ म्हणजे भिंगबाईची सवत.

दातांचे डॉक्टर हे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दवाखान्यापेक्षा जुन्या बाजारात जास्त रमणारा माणूस. घरी काचेच्या कपाटात साठेक कॅमेरे, खणाखणात दमटपणा शोषणाऱ्या पुड्या, कपाटाला कुलूप. बायकोचे दागिने मात्र उघड्या ड्रॉवरमध्ये असतात, हे ते स्वतःच हसत सांगायचे. त्या दिवशी त्यांनी एक देखणा कॅमेरा आणून टेबलावर ठेवला.

"बाई, याचा एक दात दुखतोय. मंद वेगावर शटर अडकतं. बघा जरा, पण उपटू नका."

दुपारी भिंगबाईने कॅमेऱ्याचं वरचं झाकण काढलं आणि सवयीने उलटं करून उजेडात धरलं.

जुन्या कारागिरांची एक रीत आहे. कॅमेरा उघडला की झाकणाच्या आतून सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढे जो कोणी उघडेल, त्याच्यासाठी ठेवलेला तो निरोप असतो. भिंगबाईच्या वडिलांची खूण तीन उभ्या रेघांची होती. ते गेल्यावर तिने चौथी जोडली, जराशी तिरकी.

झाकणात चार रेघा होत्या. चौथी तिरकी. खाली गेल्या वर्षीची तारीख.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग कपाटातून कामाची वही काढली. हातातून गेलेला प्रत्येक कॅमेरा, त्याचा नंबर आणि दुखणं, असं सगळं ती त्यात लिहायची. हा नंबर वहीत नव्हता. त्या तारखेला कुठलंच काम नव्हतं. आतले स्क्रू तिच्यासारखेच हिरव्या नेलपॉलिशच्या ठिपक्याने पक्के केलेले होते, पण हा कॅमेरा तिने जन्मात पाहिला नव्हता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. आणि एकच माणूस डोळ्यांसमोर आला, तिचा चुलतभाऊ, दादा.

दोघं याच टेबलावर, तिच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेली. अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची दुर्मीळ लेन्स इथे खराब झाली. काचेवरचा नाजूक लेप कोणीतरी चुकीचं द्रावण लावून पुसून टाकला होता. हे दादाचं काम, असं भिंगबाईने सांगितलं. दादाने नाही म्हणून सांगितलं. वडिलांनी मुलीचं ऐकलं. दादा आपली हत्यारं पिशवीत भरून नदीपलीकडे गेला, तेव्हापासून अबोला. आता तिची एखादी दुरुस्ती हाती लागून त्याने खूण पाहिली असेल, आणि तिच्या नावावर तो आपला माल खपवत असेल. दुसरं काय असणार?

तीन आठवड्यांनी डॉक्टर दुसरा कॅमेरा घेऊन आले. हा वेगळ्याच दुकानातून घेतलेला. ते समोर बसले असतानाच तिने झाकण उघडलं. चार रेघा. तारीख अवघ्या नऊ दिवसांपूर्वीची.

"डॉक्टर, हे कॅमेरे येतात कुठून?"

"नदीपलीकडे कोणी कारागीर आहे म्हणे, त्याच्याकडून. का? माल खोटा आहे का?"

"माल खरा आहे. काम कोणाचं, ते बघतेय."

"दुकानदार म्हणत होता, काम तो माणूस करत नाही. त्याच्याकडे एक बाई येते, ती करते."

"कोण बाई?"

"ते मी नाही विचारलं. कॅमेरा घ्यायला गेलो होतो, सोयरीक जुळवायला नाही."

ते गेल्यावर तिने शटरचा कापडी पडदा भिंगाखाली पाहिला. नव्याने चिकटवलेला, केसभरही वाकडा नाही. डिंकाचा एक थेंबसुद्धा बाहेर आलेला नाही. दादाचा हात असा कधीच नव्हता. असं काम या शहरात एकटी तीच करू शकली असती, तेही मन थाऱ्यावर असेल त्या दिवशी. खरं सांगायचं तर हे तिच्यापेक्षा बरं होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

मग तिने कॅलेंडर काढून दोन्ही तारखांचे वार पाहिले. दोन्ही गुरुवार. गुरुवारी तिची खोली बंद असायची. ती एकटी राहायची, आणि त्या दिवशी दुपारचं जेवून जी आडवी व्हायची, ती दिवेलागणीलाच उठायची. म्हणजे ती कामावर नसते ते दिवस कोणीतरी हेरून ठेवले होते. कुठेतरी पाणी मुरत होतं. छडा लावायचा तर गुरुवारीच, असं तिने ठरवलं.

येत्या गुरुवारी ती दुपारी निजली नाही. बस पकडून पूल ओलांडला, दोन ठिकाणी विचारत दादाची इमारत शोधली. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. कठडा धरून, दर दोन पायऱ्यांनी दम घेत तिसऱ्या मजल्यावर पोहोचून तिने बेल दाबली.

दार वहिनीने उघडलं. अकरा वर्षांनी दिसत होती, पण चेहऱ्यावर ना आश्चर्य, ना राग.

"काय राहिलं, ताई? आत्ताच तर खाली उतरलात." मग तिची नजर खाली गेली. "आणि साडी कधी बदललीत?"

भिंगबाईने खाली आपल्या साडीकडे पाहिलं.

"या ना आत. दारात का उभ्या?"

आतल्या खोलीत खिडकीखाली टेबल होतं, त्यावर पांढरं कापड, आणि कापडावर क्रमाने मांडलेले स्क्रू. दादा पलीकडच्या बाजूला बसून चहा पीत होता. केस पांढरे झाले होते. अलीकडची खुर्ची जरा मागे सरकवलेली, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. खुर्चीसमोर एक उघडा कॅमेरा. तिने एका स्क्रूवर बोट टेकवलं. बोटाला हिरवा रंग लागला.

"ओलं आहे अजून," दादा म्हणाला. "तूच म्हणालीस ना, अर्धा तास हात लावू नका म्हणून."

"मी कधी आले होते, दादा?"

तो हसला. "आज? अकराला."

"त्याआधी?"

"असं का विचारतेस? दर गुरुवारी येतेस. सव्वा वर्ष झालं." मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "तुला बरं वाटत नाही का?"

ती खुर्चीवर बसली नाही. पिशवी छातीशी धरून उभी राहिली. दादा बनवतोय, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण दादाला लहानपणापासून थापा मारता येत नव्हत्या. लगेच कान लाल व्हायचे. आता त्याचे कान लाल नव्हते.

"पहिल्यांदा आले तेव्हा मी काय म्हणाले?"

"कशाला उकरतेस ते? झालं गेलं."

"मला ऐकायचंय."

दादाने कप खाली ठेवला. "लेन्स तू पुसलीस, असं म्हणालीस. दिवे गेले होते, म्हणून बाटल्या खिडकीपाशी नेल्यास. निळ्या बुचाची घ्यायची, ती पांढऱ्या बुचाची घेतलीस. कापूस तीनदा फिरवलास. तिसऱ्या वेळी काचेवरची जांभळी झाक गेली, आणि तेवढ्यात काकांची पावलं वाजली, म्हणून तू माझं नाव घेतलंस." त्याने कप बाजूला सरकवला. "रडलीस खूप. हिने तुला जेवू घातलं. मी तेव्हाच सोडून दिलं सगळं."

लेन्स बिघडली त्या दिवशी खोलीत भिंगबाई एकटी होती. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. मनातल्या मनात आठवतानाही ती पांढऱ्या बुचापाशी येऊन थांबायची आणि तोंड फिरवायची.

कोपऱ्यात पलंगावर काकू बसली होती, दादाची आई. डोळे अधू झालेले. बोलण्याचा आवाज ऐकून तिने हात पुढे केला.

"कोण आलंय? ये पोरी, अशी बस."

भिंगबाई जवळ गेली. काकूने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याने एकेक बोट चाचपलं, तळहात उलटासुलटा केला. मग तिचा अंगठा थांबला.

"ही ती नाही," ती म्हणाली.

"आई, असं काय? आपली ताईच आहे."

"हात तिच्यासारखाच आहे. पण ही आपली नव्हे."

काकूने हात सोडला आणि स्वतःचा हात पदराला पुसला.

वहिनी पुढे आली आणि पलंगाच्या आणि भिंगबाईच्या मधे उभी राहिली. दादाने टेबलावरचा उघडा कॅमेरा हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"साडी वेगळी आहे, तेव्हाच वाटलं मला," वहिनी म्हणाली. "तुम्ही कोण?"

मीच ती, हे पटवायला एकच गोष्ट तिच्याजवळ होती. फक्त तिलाच ठाऊक असलेली. ती सांगायला तिने तोंड उघडलं, आणि ती आधीच सांगून झाली आहे हे तिच्या ध्यानात आलं.

जिन्यावर पावलं वाजली.

सावकाश, कठड्याचा आधार घेत चढणारी. दोन पायऱ्या, मग दम. दोन पायऱ्या, मग दम. भिंगबाईने हे चालणं बाहेरून कधी ऐकलं नव्हतं, तरी ते तिने ओळखलं.

काकूचा चेहरा उजळला.

"आली," ती म्हणाली.

भिंगबाईवरची नजर न काढता वहिनी मागे मागे दारापर्यंत गेली आणि चाचपडत तिने कडी काढली.