आतला कॉम्प्युटर

कुरुळीच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकला लागणाऱ्या बारीक पोलादी पिना तयार होत. शेवटच्या शेडमध्ये, प्रेसच्या धडधडीपासून काचेच्या भिंतीनं वेगळं केलेलं, तपासणीचं टेबल होतं. टेबलावर एक कॅमेरा आणि त्याला जोडलेला जुना, पिवळट पडलेला कॉम्प्युटर. पिन कॅमेऱ्याखाली ठेवली की पडद्यावर मुसळाएवढी दिसे. चांगली असली तर एक बटण, खराब असली तर दुसरं. या टेबलावर दुर्गाबाई बसत. त्या मूळच्या धाराशिवकडच्या. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन इकडे आल्या आणि इथंच राहिल्या.

कॅमेरा बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तिचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चाले. कॉम्प्युटर हल्ली मध्येच काळा पडायचा. मग दुर्गाबाई त्याच्या कडेवर हलकी थाप मारत, जरा थांबत आणि परत चालू करत.

कारखान्यातले कॉम्प्युटर निशिगंधा सांभाळायची. ती चिंचवडहून कंपनीच्या बसनं येई. एक दिवस मॅनेजर स्वानंद सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"ते डबडं कायमचं बसायच्या आत काहीतरी करा."

"सर, एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे," निशिगंधा म्हणाली. "नव्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकू आणि त्याच्या आत, एका चौकटीत, हा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा चालवू. विंडोज, प्रोग्रॅम, सगळं तेच. फक्त खोकं नसेल."

"मग बंद पडायची कटकट नाही?"

"नाही."

स्वानंद सरांनी पेन खाली ठेवलं. "मग त्या टेबलाला वेगळं माणूस कशाला? पॅकिंग करता करता दिग्विजय ते बघेल. पण एवढ्यात कुणाला बोलू नका."

निशिगंधा "चालेल सर," म्हणाली. केबिनबाहेर पडताना तिला आपल्या आवाजाचा राग आला. इतका सहज कसा निघाला तो?

पुढचे काही दिवस ती दुर्गाबाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. जुन्या डिस्कमधलं सगळं उतरवून घ्यायला वेळ लागत होता. दुपारी दुर्गाबाई डब्यातली शेंगाचटणी तिच्या पोळीवर वाढत, आणि निशिगंधा मान खाली घालून खात असे.

"काय करायलीस गं हे?" एकदा त्यांनी विचारलं.

"मावशी, एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर बसवतेय. बाहेरच्याला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. म्हणजे पाहुणा."

"आन् पाव्हन्याला कळतंय का, आपन दुसऱ्याच्या घरात हाव म्हनून?"

"नाही. त्याला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत."

दुर्गाबाई हसल्या. "बरं हाय मग. सुखी हाय."

ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी नव्या पडद्यावरच्या चौकटीत जुना पडदा उगवला. मागं तुळजाभवानीचा तोच फोटो, वरच्या कोपऱ्यात तपासणी करणाऱ्याच्या जागी 'दुर्गा' हे तेच नाव. दुर्गाबाईंनी एक ट्रे त्यावर तपासून पाहिला. "त्योच हाय की," म्हणाल्या. निशिगंधानं आतल्या कॉम्प्युटरची त्या वेळची अवस्था साठवून ठेवली. या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. पुढं काही बिघडलं तर एका क्लिकवर त्या क्षणापर्यंत मागं येता येतं.

महिनाअखेरीला दुर्गाबाईंना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. त्या निरोप घ्यायला वरच्या मजल्यावर तिच्या टेबलाशी येतील या भीतीनं निशिगंधा बराच वेळ स्टोअररूममध्ये जुन्या वायरी गुंडाळत बसली. खाली आली तेव्हा त्या गेल्या होत्या.

पहिली तक्रार दिग्विजयनं आणली.

"मॅडम, मी बटण दाबायच्या आधीच दाबलं जातंय."

"चुकून हात लागत असेल."

"मॅडम, तुम्ही या तर."

ती त्याच्याबरोबर गेली. दिग्विजयनं पिन कॅमेऱ्याखाली ठेवली आणि दोन्ही हात खिशात घातले. पडद्यावरचा बाण हलला. पिनेच्या कडेनं सावकाश खालपासून वरपर्यंत गेला, टोकाशी जरा रेंगाळला आणि चांगल्याच्या बटणावर जाऊन टेकला. टक.

निशिगंधानं नेटवर्कची वायर काढली. माउसही काढला. दिग्विजयला एक खराब पिन ठेवायला सांगितली. बाण तिच्या कडेनं वर गेला, अर्ध्यावर थांबला, थोडा मागं आला आणि मग खराबच्या बटणावर गेला. पिनेला तिथंच केसाएवढी चीर होती.

जेवणाची सुट्टी झाली तसा बाण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. सुट्टी संपेपर्यंत तिथून हलला नाही. चित्राच्या आड येऊ नये म्हणून दुर्गाबाई तो तिथं नेऊन ठेवत. निशिगंधाला हे आठवलं, आणि तिनं काचेच्या त्या खोलीचं दार उघडून ठेवलं.

वर कोपऱ्यातलं नाव तिनं पुसून दिग्विजयचं घातलं. ती वळायच्या आत तिथं पुन्हा 'दुर्गा' आलं होतं.

"बरंच आहे की," स्वानंद सर म्हणाले. "आपोआप तपासतंय. बिघाड म्हणायचा की सोय?"

पण निशिगंधाला ते बघवेना. कुठलातरी जुना आदेश आत अडकून पडलाय, तेवढंच, असं तिनं स्वतःला समजावलं आणि साठवलेल्या अवस्थेवर मागं जायचं ठरवलं. सॉफ्टवेअरनं नेहमीसारखं विचारलं, त्यानंतरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? बाण त्या वेळी एका पिनेच्या मध्यावर होता. तिनं 'हो' वर क्लिक केलं.

चौकट काळी झाली आणि परत उजळली. त्या दुपारी बाण हलला नाही. दिग्विजयनं स्वतः बटणं दाबली आणि निशिगंधा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट लागताच बाण कोपऱ्यातून निघाला.

दुर्गाबाईंचा चष्मा ड्रॉवरमध्ये राहिला होता. तो द्यायचं निमित्त करून निशिगंधा त्याच दुपारी त्यांच्या घरी गेली. कारखान्यामागच्या गल्लीत, भाड्यानं द्यायला बांधलेल्या खोल्यांच्या रांगेत, दारात सिमेंटची तुळशीची कुंडी असलेली त्यांची खोली आणि तिच्यामागं छोटंसं स्वयंपाकघर. दार त्यांच्या मुलीनं, सईनं उघडलं. डोळे सुजलेले होते.

"बरं झालं आलात मॅडम. आईला काहीतरी झालंय."

"काय झालं?"

"काम सुटलं तेव्हापासून अशीच बसते." सईनं आत बोट दाखवलं.

दुर्गाबाई स्टुलावर बसल्या होत्या, पाठ दाराकडे. समोर नुसती चुना दिलेली भिंत. उजवा हात मांडीवर होता आणि बोटं किंचित हलत होती. तर्जनी मध्येच खाली दबे. टक.

"शिफ्ट सुरू व्हायच्या वेळेला बसते, सुटायच्या वेळेला उठते," सई कुजबुजली. "डॉक्टर म्हणाले, सवय असते, जाईल. तेवढं आम्ही धरूनच चाललो होतो. पण काल दुपारी बसल्याबसल्या एकदम ताठ झाली. मग उठली, साडी बदलली, डबा भरायला लागली. म्हणे, उशीर झाला. मी म्हटलं, आई, काम सुटलंय तुझं. माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मीच वेडी."

"मग?"

"माझं लग्न ठरलंय मॅडम. सांगवीचं स्थळ आहे. ह्याच खोलीत साखरपुडा झाला. तिनं स्वतः माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, गाणी म्हटली, रडली." सईनं हात पुढं केले. बांगड्या वाजल्या. "काल विचारलं, ह्या बांगड्या कुनाच्या घातल्यास? सगळं सांगितलं तर म्हणाली, मला न सांगता ठरवलंस व्हय?"

"साखरपुडा कधी झाला?"

"काम सुटल्यानंतर. त्याच आठवड्यात."

निशिगंधानं दाराची चौकट धरली. त्यानंतरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?

"मावशी," तिनं हाक मारली.

दुर्गाबाईंनी वळून पाहिलं नाही. "थांब जरा," त्या म्हणाल्या. "ट्रे संपू दे."

परत आल्यावर निशिगंधानं सगळं शोधलं. पुसलेलं परत आणायचा काही मार्ग नव्हता. ती काचेच्या खोलीत चौकटीसमोर बसून राहिली. बाण एकेक पिन तपासत होता, मन लावून, न थकता. कुणाला काय सांगणार होती ती? सईला सांगायचं, की तुझ्या साखरपुड्याचा दिवस मी एका क्लिकवर घालवला? तिनं फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला.

त्यानंतर त्या कॉम्प्युटरला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. दिवे जायची लक्षणं दिसली की ती धावत जाऊन त्याला जोडलेली बॅटरी तपासे. दिग्विजय तिच्याकडं विचित्र नजरेनं बघे, पण बोलत नसे. आतला कॉम्प्युटर चालू आहे तोवर दुर्गाबाई ठीक आहेत, एवढंच तिला कळत होतं. तो बंद केला तर काय, याचा विचार ती करत नसे.

पुढच्या महिन्यात नवा कॅमेरा आला, नव्या प्रोग्रॅमसकट.

"जुनं सगळं काढून टाका आता," स्वानंद सर म्हणाले. "शुक्रवारी नवीन सुरू करायचंय."

"सर, राहू दे ना. कुठं अडतंय?"

"त्याच कॉम्प्युटरवर नवीन बसवायचंय. अडतंय ना." ते तिच्याकडं बघत राहिले. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"हो सर."

"मग गुरुवारी काढून टाका."

गुरुवार औद्योगिक सुट्टीचा. निशिगंधानं बुधवारी संध्याकाळी आतल्या कॉम्प्युटरची, तो चालू असतानाच, एक नक्कल काढली आणि बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती बसमध्ये बसली. डिस्क तिनं मांडीवरच्या पर्समध्ये दोन्ही हातांनी धरली होती. तिचं साधं गणित होतं. आधी घरचा चालू करायचा, तो नीट चालला की मगच कंपनीतला बंद करायचा. मधे एक क्षणही अंधार होऊ द्यायचा नाही. मग तो आपल्याकडं राहील, कायम. आपण त्याला परत कधी मागं नेणार नाही. एवढं तरी आपण करू शकतो.

गुरुवारी सकाळी चिंचवडच्या तिच्या फ्लॅटमध्ये ऊन टेबलापर्यंत आलं होतं. खाली भाजीवाला ओरडत होता. तिनं नक्कल सुरू केली. चौकटीत भवानीचा फोटो आला, कोपऱ्यात नाव आलं. मग पिन आली. इथं कॅमेरा नव्हता, तरीही पडद्यावर एकेक पिन येत होती, आणि बाण तिच्या कडेनं सावकाश वर जात होता. टक.

निशिगंधाला रडू आलं. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं हललं होतं. तिनं सईला फोन लावला.

"आई कशा आहेत?"

"बरी आहे." सईचा आवाज अगदी हळू होता. "आज स्वयंपाकघरात गेलीये. कधी नव्हे ते. चहा टाकते म्हणाली."

"अरे वा! बरं झालं गं."

पलीकडं सईच्या बांगड्या वाजल्या.

"सई?"

"मॅडम, आई इथं पण बसलीये. माझ्यासमोर. भिंतीकडं तोंड करून."

निशिगंधाला तिचा श्वास ऐकू येत होता. मग लांबून, भांड्यांच्या आवाजातून, दुर्गाबाईंचा आवाज आला. "सई, साखर कुठं ठिवलीस?"

आणि अगदी फोनजवळ, त्याच आवाजात उत्तर आलं. "डब्यात हाय की."

निशिगंधा उठून उभी राहिली. कानाशी धरलेला फोन थरथरला. दिग्विजयचा मेसेज होता. सरांनी ओव्हरटाइमला बोलावलं म्हणून आलोय मॅडम. तुमचं काम कमी केलं. जुनं सगळं काढून टाकलं इथलं.

तिनं फोन परत कानाला लावला. लांबचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

"सई, काय झालं? सई, बोल."

चुरचुर असा आवाज येत होता, वाढत होता. सईची पावलं. गॅस बंद केल्याचा खट आवाज.

"दूध उतू गेलं," सई म्हणाली. "मॅडम, इथं कुणीच नाहीये."

बाहेरच्या खोलीतून दुर्गाबाई बोलल्या, जरा वैतागून, कामात असताना बोलत तशा.

"सई, ध्यान कुठं हाय तुझं? मी तर हितं बसलीय. दूध कुनी ठिवलं गॅसवर?"