हनुवटीतून आलेला आवाज

पाटणच्या एस.टी. स्टँडवर ज्या आवाजाला सगळा तालुका ओळखत होता, तो आवाज एके दिवशी परत आला. आणि ज्या बाईचा तो होता, तिला एकटीलाच तो ओळखू आला नाही.

ती बाई म्हणजे नभाची आई. नभा तेव्हा पाचवीत होती, आणि हे कोडं काही केल्या तिला सुटेना.

आई, म्हणजे वैजयंती साळुंखे, स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारायची. विजेवर चालणाऱ्या बिनआवाजाच्या गाड्या आल्या, आपोआप उजळणारे फलक आले, तरी लोकांचा कान आईकडेच. "कराडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," असं तिनं म्हटलं की डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्या बायकासुद्धा पिशव्या सावरत उठायच्या. "फलकावर काय लिहिलंय ते ऱ्हाऊ दे, बाई काय म्हणत्या ते सांग," असं त्या शेजारच्याला म्हणत.

मग आईच्या घशात गाठ झाली. डॉक्टरांनी गाठ काढली, पण तिच्यासोबत स्वरयंत्रही (घशातली आवाज तयार करणारी पेटी) काढावं लागलं. आई वाचली. आवाज वाचला नाही.

आता आई गळ्याला मऊ रुमाल बांधायची आणि पाटीवर लिहून बोलायची. नभाला बोलवायचं असलं की टाळी वाजवायची. घर कसं अगदी मिटून गेल्यासारखं झालं होतं. पण नभाला सगळ्यात वाईट वाटायचं ते सकाळी, वेणी घालताना. पूर्वी आई रिबिनीची गाठ मारून झाली की नभाच्या डोक्यावर हनुवटी टेकवायची आणि म्हणायची, "झालं गं बाई!" तेव्हा तो आवाज कानातून नाही, डोक्यातूनच घुमत आल्यासारखा वाटायचा. आई अजूनही हनुवटी टेकवायची. घुमत काहीच नव्हतं.

आणि मग आवाज गेलेल्यांना बोलतं करणाऱ्या वाचा केंद्रातून फरीदाताई एक लॉकेट घेऊन आल्या. रुपयाएवढं, चांदीच्या रंगाचं.

"वैजयंतीताई, तुम्ही फक्त नेहमीसारखे ओठ हलवायचे," त्या म्हणाल्या. "तुमच्या गळ्याच्या आणि गालाच्या स्नायूंची हालचाल हे ओळखतं आणि शब्द बोलतं. तेही तुमच्याच आवाजात! स्टँडवरच्या तुमच्या सगळ्या जुन्या ध्वनिफिती आम्ही त्याला ऐकवल्यात."

आईनं लॉकेट घातलं. नभा आणि बाबा श्वास रोखून बसले.

"भात झाला आहे. सर्वांनी बसून घ्यावे," लॉकेट म्हणालं.

आईचाच आवाज! अगदी हुबेहूब! फक्त बिचाऱ्या लॉकेटनं आईला गाड्या पुकारतानाच ऐकलं होतं, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य गाडी सुटल्यासारखं सुटत होतं. कराडची गाडी चालवणाऱ्या बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. "अगं, पण भात कितव्या फलाटावर लागलाय?" ते म्हणाले.

सगळे हसले. आई हसली नाही. तिनं लॉकेट काढलं, टेबलाच्या खणात ठेवलं आणि पाटी ओढली.

"वैजयंती, चुकलो गं. थट्टा केली," बाबा ओशाळून म्हणाले.

आईनं लिहिलं : "थट्टेचं काही नाही. हा माझा आवाज नाही. ताकात पाणी घातल्यासारखा पातळ आहे. परक्या बाईच्या आवाजात मी माझ्या लेकीला हाक कशी मारू?"

फरीदाताई बराच वेळ समजावत होत्या. शेवटी निघताना हळूच म्हणाल्या, "सोमवारी येते. तोवर नकोच वाटलं तर परत नेईन. यासाठी खूप माणसं थांबली आहेत हो."

फाटक लागलं. नभा तशीच मागच्या खोलीत आजोबांकडे गेली.

आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांनी उभा जन्म पुण्यात, ऐकू न येणाऱ्यांसाठी यंत्रं तयार करण्यात घालवला होता. आता त्यांनाच कमी ऐकू यायचं. त्यांच्या कानामागच्या हाडावर एक बटणाएवढं यंत्र चिकटवलेलं असे.

"आजोबा, आईला स्वतःचाच आवाज कसा ओळखू येत नाही? की तिला आमच्याशी बोलायचंच नाहीये?"

शेवटचं वाक्य बोलताना नभाला रडू फुटलं. आजोबांनी तिला जवळ बसवलं, डब्यातून एक तळलेली कुरडई काढून दिली.

"खा. आणि खाताना दोन्ही कानांत बोटं घाल."

"आजोबा, मी रडतेय आणि तुम्ही कुरडई काय देताय!"

"रडत रडत खा."

नभानं कानांत बोटं घातली आणि कुरडई चावली. कडाड्कुडूम! डोक्यात ट्रॅक्टर सुरू व्हावा तसा आवाज झाला. ती दचकली. "कान तर बंद आहेत! मग हे कुठून आलं?"

"हाडांतून. हे बघ, आवाज म्हणजे कंपनं (वस्तूची अगदी बारीक, भरभर होणारी थरथर). ती हवेतून कानाच्या भोकात शिरतात, पडदा हलवतात आणि आतल्या कानात पोचतात. तिथं गोगलगाईच्या शंखासारखी एक इवलीशी नळी असते. ती मेंदूला निरोप धाडते. हा झाला पुढच्या दारानं जाणारा रस्ता. पण कवटीचं हाड थरथरलं तरी ती थरथर त्याच शंखापर्यंत पोचते. हे मागचं दार. याला म्हणतात अस्थिवहन (हाडांतून होणारा आवाजाचा प्रवास). माझं हे बटण त्याच मागच्या दारानं मला तुझी कटकट ऐकवतं."

मग त्यांनी फोन पुढे धरला आणि तिचं बोलणं टिपून तिलाच ऐकवलं.

"शी! ही कोण चिरक्या आवाजाची मुलगी?"

"ही नभा साळुंखे. आम्ही हिला रोज ऐकतो. तू मात्र हिला कधी ऐकलेलंच नाहीस." आजोबा हसले. "आपण बोलतो तेव्हा आपल्याला आपला आवाज दोन्ही दारांनी ऐकू येतो. हवेतूनही आणि हाडांतूनही. हाडांतून खालचे, खर्जातले (जाड, घुमणारे) सूर जास्त पोचतात. म्हणून आपला आवाज आपल्याला भरदार वाटतो. टिपलेल्या आवाजात हाडांचा वाटा नसतो. तो इतरांना बरोबर वाटतो आणि आपल्याला पातळ."

"ताकात पाणी घातल्यासारखा," नभा पुटपुटली. तिला आठवलं, स्टँडवर कर्ण्यातून स्वतःचा आवाज यायला लागला की आई चौकशीची खिडकी लावून घ्यायची. "कोण ही किरकिरी बाई," असं म्हणून हसायची.

"म्हणजे आजोबा, लॉकेट फक्त पुढच्या दारानं बोलतं?"

"तेच तर! आपल्याला वैजू परत मिळाली गं. वैजूला काही वैजू मिळाली नाही."

आजोबा बोलता बोलता थांबले. मग उठून कपाटातून जुन्या यंत्रांची पेटी काढली. आत एक जादा बटण होतं. "हे लॉकेटला जोडता येईल. लॉकेट बोललं की तिच्या हाडात थरथर होईल. पण नभा, एक आत्ताच सांगून ठेवतो. गेलेला आवाज यातून परत येणार नाही. आणि खर्ज किती मिसळायचा हेही मला ठाऊक नाही. तिच्या कवटीत घुमणारा आवाज कोणत्या माइकनं टिपलाय? तो फक्त तिनं ऐकलाय."

"मीपण ऐकलाय," नभा म्हणाली.

"तू?"

"वेणी घालून झाली की आई माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवायची ना! तेव्हा तिचा आवाज वेगळाच यायचा. तिच्या हाडातून माझ्या हाडात."

आजोबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

रविवारभर दोघं तारा जोडत बसले. पण खरं अवघड काम होतं ते आईला तयार करण्याचं. बटण बघताच तिनं मान फिरवली. पाटीवर एकच शब्द लिहिला : "पुरे."

"एकदाच, आई. मागच्या दारानं ऐकून तरी बघ."

आईनं पुन्हा त्याच शब्दावर बोट ठेवलं.

मग मात्र नभाचा बांध फुटला. "तू टाळी वाजवतेस ना, तेव्हा मला वाटतं, अंगणातली कबुतरं हाकलतात तसं तू मला हाकलतेयस! तुझा आवाज गेला तो गेला, पण माझी हाकपण गेली!"

बोलल्या क्षणी तिला वाटलं, जीभ चावावी. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदरानं पाटीवरचा शब्द पुसला आणि खणातून लॉकेट काढलं.

आजोबांनी आईच्या कानामागे बटण बसवलं. नभा वेणीला बसते तशी आईपुढे बसली आणि मागे रेलली. आईनं तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

"बोल ना, आई."

काय बोलावं, हे आईला सुचेना. जन्मभर जे सगळ्यात जास्त बोलली होती, तेच तिनं ओठांवर आणलं. "कराडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे."

नभाच्या डोक्याला मुंग्या आल्या. हवेतून आवाज आला तो नेहमीचा, स्टँडवरचा. पण हनुवटीतूनही काहीतरी बारीकसं उतरत होतं.

"अजून खाली, आजोबा. अजून जाड."

आजोबांनी खर्ज कमीजास्त करणारी कळ फिरवली. आईनं गाडी पुन्हा पुकारली.

"एवढा नको, विहिरीत पडल्यासारखा वाटतोय. थोडा वर. अं हं, मगाचा बरा होता. आता जरासा..."

कराडची गाडी किती वेळा फलाटाला लागली कोण जाणे. दारात उभे असलेले बाबा मधेच पुटपुटले, "एवढ्या गाड्या आमच्या आगारात नाहीत," आणि आजोबांनी डोळे वटारल्यावर गप्प बसले.

आणि एकदा नभा काहीच बोलली नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते.

मग लॉकेट बोललं, "माझा नाही."

आजोबांचा हात कळीवरून खाली आला.

"पण मला सख्खी बहीण असती," लॉकेट पुढे म्हणालं, "तर तिचा असाच असता."

त्या वाक्यालासुद्धा शेवटी गाडी सुटल्याचाच सूर होता. लॉकेटला रडता येत नव्हतं. पण नभाच्या भांगात एक ऊन थेंब पडला, मग आणखी एक. तिनं मान जराही हलवली नाही. हनुवटी सरकली असती.

सोमवारी फरीदाताई आल्या त्या लॉकेट न्यायला. पण नेलं काहीच नाही. आईच्या कानामागचं बटण त्यांनी निरखून पाहिलं आणि आजोबांना शेकडो प्रश्न विचारले. "कोयनेचे एक गुरुजी आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांनीही लॉकेट कपाटात टाकलंय. आम्हाला वाटायचं, हट्टी आहेत."

"हट्टी नसतील," नभा म्हणाली. "त्यांचं मागचं दार बंद असेल."

"आणि यापुढे असं करा," आजोबा म्हणाले, "शस्त्रक्रियेआधी माणसाच्या हाडालाही माइक लावून ठेवा. म्हणजे बाहेरचा आवाज आणि आतला, दोन्ही जपून ठेवता येतील. आमच्या वेळी हे कुणाला सुचलं नाही."

सगळं काही ठीक झालं, असं नाही. लॉकेटला गाता येत नाही. लहानपणी आई जे गाणं म्हणून नभाला झोपवायची, ते कुठल्याच ध्वनिफितीत नव्हतं. आता त्याचे शब्द आई नुसते बोलते, आणि चाल नभा मनातल्या मनात लावते. कधीकधी ती चाल नीट आठवत नाही.

पण सकाळी आई वेणी घालते. रिबिनीची गाठ मारते. लेकीच्या डोक्यावर हनुवटी टेकवते.

"झालं गं बाई."

आवाज हाडातून हाडात उतरतो, घुमतो. नभा जागची हलत नाही.

"ऊठ आता. शाळेची गाडी सुटेल."

"सुटू दे," नभा म्हणते. "तू पुन्हा एकदा पुकार."