डावा पीळ

सोमेश्वरचा तीर्थपुरीच्या अलीकडं सरकीच्या, म्हणजे कपाशीच्या, बियाण्याचा प्लॉट होता. काम ठरलेलं. दुपारी, उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर खुडायचे आणि तिच्यावर लाल कागद पिळून बसवायचा. सकाळी तो काढून शेजारच्या ओळीतलं नरफूल तिच्यावर घासायचं. बायका याला क्रॉसिंग म्हणत. कळ्या उघड्या सुटल्या की बियाणं नापास.

गेल्या हंगामात त्याची बारावी झालेली लेक तृप्ती मोबाइलवर गेम खेळत बसली आणि विहिरीकडच्या कळ्या तशाच राहिल्या. सोमेश्वरनं सगळ्या बायकांसमोर तिची खरडपट्टी काढली. त्याच संध्याकाळी ती विहिरीत सापडली. पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरला. गाव हळू आवाजात म्हणालं, उडी मारली. त्याची बायको उषाबाई वर्षभर त्याच्याशी कामापुरतं बोलली. सोमेश्वरला एवढंच कळायला हवं होतं, घसरली की दुसरं काही. ते दुसरं त्याच्या तोंडून निघत नसे.

लेकीचा मोबाइल उषाबाई रोज चार्ज करून ठेवी. यंदा क्रॉसिंग सुरू झालं तसा दुपारच्या भाकरीनंतर सोमेश्वर लिंबाखाली तोच गेम उघडून बसू लागला. पोरगी एवढी कशात गुंतायची ते बघू तरी म्हणून. खेळ कसला, पोरखेळ. सावलीसारखी काळी एक मुलगी उजवीकडं चालते, खड्डा आला की उडी मारते. दोनच बटणं. पण चित्रं अशी की नजर हटत नाही. केशरी धूळ, धुक्यातले डोंगर, वाऱ्यानं लवणारं गवत.

चौथ्या दिवशी गवत संपलं आणि कपाशीची पऱ्हाटी लागली. आता बोला. कळ्यांवर लाल कागद, पाच ओळी मादीच्या, एक नराची. त्यानं मान वर करून आपला प्लॉट पाहिला, परत खाली पाहिलं.

"गेम काढला असंल इकडच्याच कुणी," तो पुटपुटला.

पण कागद डावीकडं पिळलेले होते. तसा पीळ त्याच्या शेतात एकटी तृप्ती द्यायची. डावखुरी होती ती.

पाचव्या दिवशी विहीर आली.

मुलगी काठावर थांबली. पुढं जायला उडीशिवाय वाट नव्हती. त्यानं अंगठा उचलला.

"काय करून राह्यलात?" मागून उषाबाईनं विचारलं.

"उडी न्हाई मारू देणार मी तिला."

ती शेजारी बसली. दोघं बघत राहिले.

बटण कुणी दाबलं नाही. तरी मुलगी हलली. काठावरचं एक झाड विहिरीत झुकलं होतं, त्याला एकच उघडी कळी. तिनं लाल कागद काढला, डावा हात लांबवला, कागद कळीवर बसवून पिळला. मग तिचा पाय घसरला.

"उडी न्हाई मारली," सोमेश्वर म्हणाला. छातीवरचा धोंडा उतरला आणि त्याला रडू फुटलं.

उषाबाई रडली नाही. "तिला परत कुणी धाडलं होतं तिकडं?"

एकूण एक कळीला कागद लाव, मंगच घरी ये, असं तोच म्हणाला होता.

सकाळी तो विहिरीवर गेला. काठावर यंदा कुणी सरकी लावलेली नव्हती. तरी एक झाड झुकून उभं होतं, त्याला एकच लाल कागद, डावीकडं पिळलेला. त्यानं हात लांबवून तो काढला.

सरकीचं फूल दुसऱ्या दिवशी लाल पडतं. हे पांढरंशुभ्र होतं, आत्ताच उमललेलं. आतले पुंकेसर काल दुपारीच कुणीतरी एकूण एक, नीट खुडले होते.