पुलावरचे कोरे तीन तास

जिन्यात दोघं समोरासमोर आले तेव्हा अक्षताच्या हातात चहा होता आणि त्याच्या हातात ओल्या पिशवीत गुंडाळलेलं एक यंत्र. शिवाजी पेठेतल्या तिच्या ऑफिसचा तो जिना इतका अरुंद, की एकानं मागं सरल्याशिवाय दुसऱ्याला वाट नाही. तोच सरला.

"फाईलसिस्टिमवाल्या मॅडम कुठं बसत्यात वो?"

"मीच ती... काय झालं?"

त्याचं नाव प्रसेनजीत. कागलजवळच्या पुलावर नदीची पातळी नोंदवणारं यंत्र तो सांभाळायचा. पूर आला त्या दुपारचे तीन तास यंत्रात कोरेच निघाले. यानं यंत्र बंद ठेवून झोप काढली, असं ठेकेदाराचं म्हणणं. त्याला घरी बसवलं होतं.

"मी झोपलो न्हवतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "...मला तरी तसंच वाटतंय."

अक्षतानं यंत्र तपासायला ठेवून घेतलं. त्याची फाईलसिस्टिम, म्हणजे नोंदी कार्डावर साठवायची व्यवस्था, तिनंच लिहिली होती.

काही सापडलं का ते बघायला तो रोज चारला येऊ लागला. खिडकीशी बसायचा. बाहेर आठवडाभर न उघडलेला पाऊस, आत कीबोर्डची टकटक.

"एवढं टक लावून काय दिसतंय त्यात?"

"तुमची नदी."

"माझी असती तर माझ्या बाजूनं बोलली असती की."

ती हसली. त्यानं पटकन नजर खाली घातली... आणि अक्षताला चार वाजण्याची वाट बघायची सवय लागली.

सोमवारी सकाळी तिला चूक सापडली. यंत्र 'लिही' म्हणायचं, त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, कर्नल, नोंद तात्पुरती मेमरीत ठेवून 'लिहिलं' म्हणून मोकळा व्हायचा. कार्डावर ती नंतर उतरायची. वाचून बघावं तर मेमरीतलीच नोंद दिसायची, म्हणून तपासणीत सगळं बरोबर. वीज गेली की मात्र मेमरीतलं सगळं पुसलं जायचं, आणि पुराच्या दुपारी वीज गेली होती. नोंद लगेच कार्डावर उतरवायची एक ओळ अक्षता विसरली होती.

तिनं सांगितलं शुक्रवारी.

"म्हंजे मी जागाच होतो," तो हळूच म्हणाला. मग, "कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारीच घावलं."

"मग?"

"सांगितलं असतं तर... तुम्ही परत आला नसता."

तो खिडकीपासून उठला. "मॅडम, चार दिस माझा बा धड जेवला न्हाय," एवढंच म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्याच संध्याकाळी अक्षतानं ठेकेदाराला स्वतःच्या नावानं चूक लिहून कळवली. तिच्या ऑफिसचे साहेब, विजयसिंह सर, दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. प्रसेनजीतला काम परत मिळालं. चार वाजायचे, खिडकीशी कुणी नसायचं.

महिन्यानं दुरुस्त प्रोग्रॅम बसवायला ती स्वतः पुलावर गेली. पाऊस होताच. प्रसेनजीतनं छत्री यंत्रावर धरली, ती भिजत राहिली. तिनं विजेची वायर उपटली, परत जोडली, फाईल उघडली. शेवटच्या मिनिटापर्यंतच्या नोंदी जागेवर होत्या.

"हाय की सगळं," तो म्हणाला.

"राग हाय अजून?"

"हाय."

तिनं मान हलवली, बॅग खांद्याला लावली. खाली गढूळ पाणी फुगून चाललं होतं.

"जाते... पाचची एसटी हाय."

तो पाण्याकडंच बघत होता.

"सहाला बी एक असत्या," तो म्हणाला.