खिडकीजवळच्या अक्काची शिफारस

पोराकडे नुसतं बघून त्याला कोणतं पुस्तक लागेल, ते जीवरामनानांना कळायचं. शिंपी नजरेनंच छातीचं माप घेतो ना, तसं. धुळ्याच्या पाचव्या गल्लीतल्या त्या वाचनालयात तेरा-चौदा वर्षांचं पोर शिरून टेबलापर्यंत येईतो नानांचा हात कपाटाकडे गेलेला असायचा. शाळेत मार खाणाऱ्याला समुद्री चाच्यांची गोष्ट. गणितात पहिला येणाऱ्याला भुताची. धाकटं भावंड कडेवर घेऊनच यावं लागणाऱ्या पोरीला एकटीनं जग बघायला निघालेल्या बाईची. पुस्तक परत करताना पोरं टेबलावर रेलायची आणि म्हणायची, "नाना, अस्संच आणखी द्या."

वाचनालयाचे अध्यक्ष मोतीलालशेठ. कापडाचे व्यापारी, माणूस दिलदार, पण पोरांनी काहीतरी बोधपर वाचावं यावर त्यांचा फार जीव. नाना त्यांना म्हणायचे, "शेठजी, बोध शाळेत मिळतो, घरी मिळतो, तुमच्या दुकानात कापडाबरोबर फुकट मिळतो. पोरांना तो चुकवता येईल अशी गावात एवढीच जागा आहे. ती तरी राहू द्या." शेठजी हसायचे आणि विषय कैऱ्यांच्या भावाकडे वळवायचे.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो खोटा नाही. नानांची स्वतःची मुलगी यशोदा पुस्तकाला हात लावत नव्हती.

वर्षापूर्वीपर्यंत तसं नव्हतं. शेजारच्या लखीचंदशेठची झमकू आणि यशोदा, दोघी एका पुस्तकात डोकी घालून वाचायच्या. झमकूच्या घरी मारवाडी बोलत, त्यामुळे मराठी अक्षरं तिला जरा सावकाश उमगायची. यशोदेचे डोळे मात्र घोड्यावर बसलेले. म्हणून ती समोरच्या पानावर तळहात ठेवायची. झमकूचं इकडचं पान संपल्यावरच हात उचलायचा, म्हणजे दोघी एकदमच पुढे जायच्या. मग पंधराव्या वर्षी झमकूचं लग्न झालं आणि ती दूर मारवाडात सासरी गेली. त्या दिवसापासून यशोदेनं वाचणं सोडलं. भांडली नाही, रडली नाही. नुसती विझत गेली. नानांनी किती पुस्तकं तिच्या उशाशी ठेवली! एक मात्र जपलं, मारवाड, वाळवंट, सासर असलं काही त्यांत येऊ दिलं नाही. खपली निघू नये म्हणून. पुस्तकं जशीच्या तशी परत यायची.

भागाबाई, म्हणजे यशोदेची आई, एकदा ताट वाढताना म्हणाली, "जगाच्या पोरांना हसवता. घरातल्या पोरीचं तेवढं जमेना होय तुम्हाला?"

नानांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

सदुसष्ट सालचा उन्हाळा होता. शाळांना सुट्टी लागलेली. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, पण वाचनालय भरलेलं असायचं, कारण मागच्या खोलीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा होता आणि त्यावर नाना पाणी मारायचे. त्या खोलीला दार एकच, नानांच्या टेबलाशेजारून जाणारं. खिडकीला गज, बाहेर निंबाचं झाड, आत खिडकीखाली लाकडी बाक. ओल्या वाळ्याच्या वासानं पोरं गुंगायची. कुणी वाचता वाचता झोपायचं, कुणी झोपेतच पान उलटायचं.

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, मामाकडे आलेली द्रौपदा नावाची एक खेड्यातली पोर एका दुपारी टेबलाशी येऊन उभी राहिली. नाना कपाटाकडे वळणार, तोच ती म्हणाली, "नाना, माले ती नदीमा वाही जायेल पोरनी गोष्ट द्या."

नाना थबकले. ते दुसरंच काढणार होते. पण पोरीकडे पुन्हा पाहिलं आणि त्यांना पटलं, हेच बरोबर. "तुला कुणी सांगितलं गं या पुस्तकाचं?"

"खिडकीजोडे ती अक्का बठेल शे ना, तिनी सांगं."

नानांनी मान वाकवून आत पाहिलं. बाक रिकामा होता. पडद्यातून पाणी ठिबकत होतं. असेल कुणी सभासदाची बायको, आपल्या नजरेतून सुटली असेल, असं म्हणून त्यांनी पुस्तक दिलं.

मग ते रोजचंच झालं. पोरं येऊन नेमकं पुस्तक मागायची. आणि शिफारस अशी अचूक, की नानांना चक्क मत्सर वाटायला लागला. आपल्यापेक्षा सरस पारख असलेली ही कोण बाई? ते दबकत आत जायचे. पोरं माना खाली घालून वाचत बसलेली असायची, बाकावर कुणी नसायचं. फक्त पडद्याची कड जराशी वर उचललेली असायची. वाचायला उजेड हवा असला की माणूस उचलतो, तेवढीच.

शेवटी त्यांनी द्रौपदाला गाठलं. "कशी दिसते तुझी अक्का?"

"केस पिकेल शेतस. चष्मा शे. आनि नाना, गंमत सांगू? वाचताना ती दुसरा पानवर हात ठेवस."

नानांच्या हातातला शिक्का टेबलावरच राहिला.

"काय बोलते ती?"

"ती रोज इचारस, नाना जेवनात का? मी म्हनं, तूच जाईसन इचार. ती म्हने, त्यासना समोर माले जावात नही."

नानांना शहारा आला. भर उन्हाळ्यात आला. ते काही देवभोळे नव्हते. पोरीच्या डोक्याला ऊन लागलं असेल, असं त्यांनी मनाला बजावलं आणि तरीही विचारलं, "आणखी काय सांगते?"

द्रौपदानं आपल्या बोलीत जे सांगितलं ते असं. अक्काला तिच्या लहानपणी पुस्तकं नकोशी झाली होती. मग तिच्या वडलांनी तिला एक पुस्तक दिलं. मारवाडातल्या उंटांच्या तांड्याचं. त्यातला एक आगाऊ उंट सगळ्या तांड्याला भलत्याच गावी नेतो. वाचताना अक्का वर्षानंतर पहिल्यांदा हसली. तिची मैत्रीण तिकडेच गेली होती ना, तर तो मुलूख तिला एकदम ओळखीचा झाला, जवळचा झाला. पुस्तक संपवून ती वडलांना सांगायला धावत गेली. पण त्यांचं 'आवडलं का?' असं विचारायचं राहूनच गेलं.

"का बरं राहिलं?"

द्रौपदानं खांदे उडवले. "तिनी नही सांगं. ती नुसती चष्मा पुसत बशी."

ते पुस्तक वाचनालयात होतं. नवीनच आलेलं, पिवळ्या पुठ्ठ्याचं. नानांनी ते वाचलं होतं, वाचताना एकटेच खो खो हसले होते आणि मारवाडचं म्हणून मुद्दाम वरच्या फळीवर मागे सारलं होतं. आता त्यांनी ते काढलं, टेबलाच्या खणात घातलं आणि कुलूप लावलं. किल्ली जानव्याला अडकवली. आपण हे का करतोय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. त्यांना भीती वाटत होती, साधी, उघडी भीती.

आखाजी आली. निंबाला झोका बांधला. माहेरवाशिणी आल्या, गाणी सुरू झाली, गल्लीभर खापरावरच्या मांड्यांचा वास पसरला. झमकू यंदा येणार म्हणत होते. ती आली नाही. तिकडून निरोप आला, सासूबाई पाठवत नाहीत. पोरी यशोदेला झोक्यावर ओढायला आल्या, तर ती ओट्यावरून हलली नाही. ताटातला मांडा तसाच वाळला. ऐन पंधराव्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर म्हातारीसारखा थकवा होता.

नानांनी तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. जन्मभर पोरांची मापं घेतली आणि घरच्या पोरीचं माप भीतीनं चुकवलं, पहिल्यांदा तिच्या दुःखाच्या भीतीनं आणि आता स्वतःच्या जिवाच्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"येसू," ते म्हणाले, "चल माझ्याबरोबर. बाकी काही नको, तिथं गार आहे."

सणाचा दिवस, वाचनालयात कुणी नव्हतं. नानांनी पडद्यावर पाणी मारलं, खण उघडला आणि पिवळं पुस्तक तिच्या हातात दिलं.

"यात झमकूचा मुलूख आहे," ते म्हणाले. "वाचलंच पाहिजे असं नाही."

यशोदेनं पुठ्ठ्यावरचे उंट पाहिले. मग ती आत गेली आणि खिडकीजवळच्या बाकावर बसली.

नाना टेबलाशी बसले. दारातून त्यांना तिची पाठ दिसत होती आणि समोरच्या पानावर अलगद ठेवलेला हात. वर्षभरानं तो हात तिथं गेला होता. त्यांचे डोळे भरून आले.

दुपार चढत गेली. झोक्याच्या दोरीची करकर आणि गाण्याचे सूर पडद्यातून झिरपत आत येत होते. मग आतून एक बारीक आवाज आला. नानांनी कान टवकारले.

यशोदा हसत होती.

पहिल्यांदा दबकत. मग मोठ्यानं. उंट भलत्या गावाच्या वेशीत शिरला असणार. ती जागा नानांना ठाऊक होती. तेही इकडे हसले.

उठावं आणि विचारावं, असं त्यांना वाटलं. पण रंगलेल्या वाचणाऱ्याला हटकायचं नाही, हा त्यांचाच नियम. शिवाय डावा हात जरा जड वाटत होता. ऊन असेल.

आत पान उलटलं.

गाण्याचा आवाज लांब गेला. पोरी झोका सोडून नदीकडे निघाल्या असतील.

शेजारचं स्टूल कुणीतरी सावकाश ओढलं. सुती लुगड्याची सळसळ झाली.

नानांनी मान वळवली नाही. आत यशोदेची पाठ दिसत होती, तिकडेच ते बघत राहिले.

"नाना," शेजारून आवाज आला. जरा बसलेला, पोक्त बाईचा आवाज. "जेवलात का?"

"जेवलो," नाना म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आवडलं का गं?"

"फार आवडलं, नाना."

"शेवट?"

काचेवर पदर घासल्याचा आवाज आला. चष्मा पुसत असावी.

"शेवटाला अजून थोडी पानं आहेत," ती म्हणाली. "तोवर मी बसते तुमच्याजवळ."

आत यशोदेनं हात उचलला आणि पान उलटलं.