लाजेची क्रोकेता

"एकट्या माणसाला हे जेवण मिळत नाही," वाढणारी मुलगी म्हणाली. "कमीत कमी दोघं हवीत."

मी छत्रीचं पाणी तिच्या चकचकीत फरशीवर गाळत उभी होते. लुगोहून वायादोलिदला, निम्मं स्पेन ओलांडून, केवळ या जेवणासाठी आले होते. टेबल केव्हाच राखून ठेवलं होतं, दोघांच्या नावानं. एक मी, उशिया, आणि दुसरा ब्रेइशो. सात वर्षं आमचं लग्न नुसतं ठरतच होतं. गेल्या आठवड्यात ब्रेइशो म्हणाला, त्याला विचार करायला जरा वेळ हवाय. घे म्हटलं वेळ. पण मी जेवण का सोडू? अन्नानं माझं काय वाकडं केलंय?

"मग दुसरा शोधते," मी म्हणाले आणि मागे वळले.

काउंटरपाशी एक जण उभा होता. पायाशी प्रवासाची पिशवी, केस भिजलेले, आणि हातातल्या मेन्यूकडे असा बघत होता की मला त्याची दयाच आली.

"तुम्हालाही नाही म्हणाले?"

"हो. म्हणाले, ऑलिव्ह खा."

"या मग. माझ्याकडे टेबल आहे, माणूस कमी पडतोय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं… आणि गालातल्या गालात हसला. "अनोळखी बायकांबरोबर जायचं नाही, असं आईनं बजावलंय."

"आई कुठे असते?"

"मुर्सियाला."

"लांब आहे. चला."

त्याचं नाव खिनेस. बदली शिक्षक. सरकार दरवर्षी नव्या गावी पाठवतं, यंदा सानाब्रियाच्या डोंगरात. दाताच्या डॉक्टरकडे म्हणून शहरात आला होता आणि संध्याकाळच्या बसनं परत जाणार होता. पहिला पेला संपायच्या आत त्यानं मला अहो-जाहो बंद करायला लावलं, कारण म्हणे अशानं घास उतरत नाही.

आधी ऑम्लेट आलं, तेही काचेच्या पेल्यात. तळाला कांदा, मध्ये अंडं, वर बटाट्याचा फेस. माझ्या आजीनं हे पाहिलं असतं तर त्या स्वयंपाक्याला सरळ भांडी घासायला बसवलं असतं, असं मी म्हणाले. खिनेस इतका हसला की फेस त्याच्या नाकाला लागला. मी सांगितलं नाही. बराच वेळ तो तसाच गणित शिकवण्याबद्दल गंभीरपणे बोलत राहिला आणि मी मान डोलावत राहिले. मग त्याला भिंतीवरच्या आरशात दिसलं.

"तू पाहत होतीस?"

"मघापासून."

"आणि गप्प बसलीस?"

"शोभत होतं."

त्यानं नाक पुसलं, पण माझ्यावरची नजर काही काढली नाही. बाहेर पाऊस काचेवरून ओघळत होता. मला वाटलं, हे जेवण संपूच नये.

मग क्रोकेता आल्या, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ असे तळलेले वळे. दोन माणसांना पाच. आमच्या देशातल्या स्वयंपाक्यांना ही खोड कुठून लागली देव जाणे. दोन त्यानं खाल्ल्या, दोन मी. पाचवी ताटलीत राहिली. उरलेल्या घासाला आमच्याकडे लाजेचा म्हणतात. त्याला हात लावायचा नाही, समोरच्याकडे सरकवायचा. मी ताटली त्याच्याकडे सरकवली, त्यानं परत माझ्याकडे. सात वर्षं मी ती ब्रेइशोकडे सरकवत आले होते, आणि तो मान वर न करता खात आला होता. यालाच मी प्रेम समजत होते.

तेवढ्यात फोन थरथरला. ब्रेइशोच. "चुकलो. रात्री स्टेशनवर घ्यायला येतो. झालं गेलं विसरून जाऊ."

मी तो निरोप खिनेसला वाचून दाखवला. मग ही खुर्ची कुणाची होती तेही सांगितलं. सवयीनं मी परत जाईन याची मला भीती वाटत होती, तेही बोलून गेले. शेवटी त्यानं ताटलीकडे बोट केलं.

"ही तुला हवी आहे?"

"…हो."

"मग खा की. लाजतेस कशाला?"

मी खाल्ली. अख्खी. ती गार झाली होती, तरी छान लागली, आणि मला रडू आलं. क्रोकेता खाताना कुणी रडतं का? मी रडले. मग डोळे पुसून ब्रेइशोला लिहिलं, "येऊ नकोस." आणि फोन पिशवीत टाकला.

"खिनेस, मला तू आवडलास," मी म्हणाले. "आजची बस सोड."

त्याचे कान लाल झाले. "मलाही तू… फार. पण आज तू रागात आहेस, उशिया. मला त्याच्या खुर्चीत बसून राहायचं नाही. राग उतरू दे. मग बघ, मी आवडतो का."

"हा काय नसता शहाणपणा?"

"स्वतःला जपण्यापुरता आहे," तो हळूच म्हणाला.

तो फोन नंबर देत होता. मी घेतला नाही. शाळेचं गाव त्याच्या बोलण्यात आलंच होतं, यायचं असेल तर येईन, असं ठणकावून सांगितलं. तो पावसात वळून वळून बघत गेला आणि मी नाकावर राग घेऊन टेबलाशी बसून राहिले.

नको म्हटलं तरी ब्रेइशो लुगोच्या स्टेशनवर आलाच. तिथेच बाकावर बसून मी त्याला नाही म्हणाले. दुसरा कोण आहे, त्यानं विचारलं. कुणी नाही, म्हटलं, आणि त्या घडीला ते खरंच होतं. आई माझ्याशी बोलेनाशी झाली. सात वर्षं पाण्यात घातलीस म्हणाली. मी ऐकून घेतलं, कामावर गेले, रोज मनाला चाचपून पाहिलं. राग होता. खिनेसही होता.

मग एके दिवशी लुगोच्या जुन्या तटबंदीवर फिरताना ब्रेइशो समोर आला. मी त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, हसले आणि पुढे गेले. चार पावलांनंतर लक्षात आलं की मनात राग उरलाच नव्हता. त्याच संध्याकाळी मी तिकीट काढलं.

दोन बस बदलून डोंगरात पोचले तेव्हा शाळा सुटत होती. खिनेस मफलर गुंडाळत फाटकातून बाहेर आला आणि मला बघून जागीच थांबला.

"राग उतरला," मी म्हणाले.

"सगळा?"

"सगळा."

"आणि…?"

"आणि तरीही आले."

शाळेच्या फाटकातच, सगळ्या गावादेखत, त्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला.