मौनीबाबांची तीन वाक्यं

माझ्या सँडलचा पट्टा तुटला नसता, तर मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. खरंच सांगते!

टीव्हीवरच्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेचं माझं पहिलंच चित्रीकरण होतं. उशीर झालेला. स्टुडिओच्या लांबलचक बोळातून मी धावत होते, मागून आत्या ओरडत होती, "अगं बये, हळू! बझर तुला सोडून पळून जात नाही!" आणि तेवढ्यात पट्टा तुटला. मी भिंतीवर आदळणार, इतक्यात कुणीतरी माझं कोपर धरलं.

उंच, सावळा, काळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मला नीट उभं करून त्याने खिशातून हिरवी चिकटपट्टी काढली, स्टुडिओत जमिनीवर खुणा करायला वापरतात ना, ती. गुडघ्यावर बसला आणि सँडल बांधून दिला. बोटं लांब होती... आणि फार हळुवार.

"थँक्यू हं," मी म्हटलं. "हाडांचे डॉक्टर का तुम्ही? पट्टी छान बांधता."

त्याने वर पाहिलं. ओठ हलले... थांबले. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "पाणी हवं का?"

"नको. मेकअपची खोली कुठे आहे?"

"इकडून या."

"अहो, पण तुम्ही आहात कोण?"

"वेळ झाली."

आत्या माझ्या कानाशी आली. "दिसायला बरा आहे गं, पण वरचा मजला रिकामा दिसतो."

उलगडा केला कार्यक्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी. यांना सगळे हेडमास्तरीण म्हणायचे, आणि त्यांच्या चष्म्याचा नंबर नक्की बदललेला होता. (मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. माणूस भेटला की आधी त्याचा नंबर दिसतो, मग माणूस.) प्रत्येक स्पर्धकाला एक सोबती असतो, त्या म्हणाल्या. आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत तो सावलीसारखा बरोबर राहणार. पण बोलायचं नाही! मागच्या पर्वात एका सोबत्याने सहज म्हटलं, "काय उकडतंय, वाळवंटात आल्यासारखं वाटतंय," आणि पहिलाच प्रश्न वाळवंटावर निघाला. केवढा गहजब झाला! तेव्हापासून सोबत्यांना तीनच वाक्यं. मान हलवायची नाही, हसायचं नाही, खांदे उडवायचे नाहीत. नियम मोडला, तर त्याची नोकरी जाणार आणि माझी स्पर्धा.

"आणि हे कधीपर्यंत?" मी विचारलं.

"तुम्ही स्पर्धेत आहात तोपर्यंत. जिंकलात तर पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं. हरलात की मोकळ्या."

मी पहिला भाग जिंकले. मुळात मी उतावळी. प्रश्न अर्धा झाला की माझा हात बझरवर पडलेलाच असतो. घरी आई "अगं, जरा ते..." म्हणते आणि मी ते आणून तिच्या हातात दिलेलं असतं. आई वैतागते. पण टीव्हीवर त्याच गुणाला टाळ्या पडत होत्या!

बक्षीस होतं चारचाकी गाडी. आत्याने दुसऱ्याच आठवड्यात ड्रायव्हिंगचा क्लास लावला. तिला गाडी मिळणारच याची इतकी खात्री होती, की ती घरात खुर्चीवर बसूनही गिअर बदलायची.

आणि मी... मी मौनीबाबांच्या मागे लागले. हे नाव मीच ठेवलं.

"मौनीबाबा, आज शर्ट नवा?"

"पाणी हवं का?"

"रंग तोच, काळाच. पण इस्त्री आहे. कुणासाठी हो?"

चेहरा ढिम्म. पण कान! कान लाल होत गेले, आधी पाळी, मग वरची कड. कानांसाठी नियम करायला हेडमास्तरीण विसरल्या होत्या. मला तेवढं पुरे होतं. त्यानंतर मी दर आठवड्याला सामान्यज्ञान कमी आणि त्याचे कान लाल करायचे उपाय जास्त शोधले.

त्याची ती तीन वाक्यं तरी किती परींची असावीत! चित्रीकरणाच्या आधी माझे हात गार पडायचे, तेव्हाचं "पाणी हवं का?" अगदी मऊ असायचं. मी जिंकून बाहेर आले की "इकडून या" म्हणताना आवाजात कौतुक लपत नसे. आणि संध्याकाळी मला फाटकापर्यंत सोडताना तो "वेळ झाली" म्हणायचा ना... ते इतकं हळू, की ऐकून माझाच पाय निघत नसे.

मी एकटीच बडबडायचे. दुकानातल्या गमती सांगायचे. एक आजोबा तक्त्यावरची अक्षरं पाठ करून आले होते आणि मी तक्ता बदलल्यावर माझ्यावरच चिडले, हे सांगितलं तेव्हा तो पटकन वळून खोकायला लागला. खोटं खोटं खोकत होता! खांदे हलत होते. त्या दिवशी घरी जाताना मला कळून चुकलं, की आपलं काही खरं नाही. ज्या माणसाने माझ्याशी धड संभाषण केलेलं नाही, त्याच्यात मी पार बुडाले होते.

अंतिम फेरीच्या दिवशी मेकअपवाल्या ताईने माझ्या गालावर पावडर मारता मारता बातमी फोडली.

"तुझा मौनीबाबा चालला गं. आज त्याचा शेवटचा दिवस. दुसऱ्या शहरात रेडिओवर लागलाय, निवेदक म्हणून."

"रेडिओवर? तो? बोलायला?"

"अगं, तो मुळात भयंकर बोलका! स्पर्धक नसले की आमचे कान किटतात."

मी खुर्चीतून उठलेच. पावडर नाकात गेली. "म्हणजे आज फेरी संपली की मी त्याच्याशी बोलू शकते?"

"हरलीस तर. जिंकलीस तर तुला महाफेरीसाठी राखून ठेवणार, म्हणजे आणखी कित्येक महिने सोबत्यांशी बोलणं बंद. आणि तो तर रात्रीच्या गाडीने जाणार."

झालं! माझ्यासमोर दोनच रस्ते उरले. जिंकले तर गाडी, हरले तर तो. आत्या पहिल्या रांगेत बसली होती, गाडीच्या किल्लीला लावायला म्हणून आणलेली साखळी हातात घेऊन. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. मनाशी ठरवलं – हरायचं.

पण हरणं सोपं नसतं हो! समोर प्रतिस्पर्धी म्हणून दातांचे डॉक्टर होते, भले गृहस्थ, पण प्रत्येक प्रश्नावर दाढ काढायला निघाल्यासारखे सावकाश विचार करायचे. मी हात मांडीखाली दाबून ठेवला, तर डावा हात बझरवर गेला. चुकीचं उत्तर द्यायचं ठरवलं, तर तोंडातून बरोबरच आलं. सवय! मौनीबाबा कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होता आणि पहिल्यांदाच त्याच्या कपाळाला आठी पडली होती.

मग सूत्रसंचालकांनी विचारलं, "वोंबॅट नावाच्या प्राण्याची विष्ठा कोणत्या आकाराची असते?"

देवा, हे मला खरंच माहीत नव्हतं! हात मात्र बझरवर. मी विचार केला, जगातलं सगळ्यात मूर्खासारखं उत्तर देऊ या.

"चौकोनी," मी ठणकावून सांगितलं. "ठोकळे असतात त्याचे!"

प्रेक्षक खो खो हसले. आत्याने कपाळावर हात मारला. सूत्रसंचालकांनी कार्ड पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "...अगदी बरोबर!"

मी "काय सांगता!" असं मोठ्याने ओरडले. अंतिम फेरीत बरोबर उत्तर दिल्यावर कुणी इतकं रडवेलं होत नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच पाहत होता, एकटक. त्याला समजलं. मी हरायला बघतेय हे त्या भरल्या स्टुडिओत फक्त त्यालाच समजलं. आणि दुसऱ्या क्षणी तो वळला आणि चालता झाला.

मी दाराकडे बघत राहिले, तोवर डॉक्टरांनी पुढची उत्तरं दिली आणि गुण बरोबरीत आले. शेवटचा प्रश्न. त्याच्या जागेवर कुणीतरी म्हातारेसे काका येऊन उभे राहिले.

गेला? असा? एकदा मागे वळूनही न बघता? मला असा संताप आला म्हणून सांगू! मी याच्यासाठी आत्याची गाडी घालवायला निघाले होते आणि हा सामान बांधायला पळाला!

"माणसाच्या डोळ्याच्या कोणत्या भागाला रक्तवाहिन्या..."

"कॉर्निया!" मी बझर असा हाणला की डॉक्टर दचकले. "बुबुळावरचा पारदर्शक पडदा! रक्तवाहिन्या नसतात त्याला! रोज बघते मी!"

दिवे लखलखले, चमचमते कागद उडाले, आत्या खुर्चीवर उभी राहिली. मी जिंकले होते आणि ढसाढसा रडत होते. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

काका मला बाहेर घेऊन आले. बोळाच्या टोकाला बाकावर तो बसला होता. काळा शर्ट तोच. गळ्यात ओळखपत्र मात्र नव्हतं. हेडमास्तरीण कमरेवर हात ठेवून शेजारी उभ्या होत्या.

"या माणसाने फेरी चालू असताना राजीनामा दिलाय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर अनुभवाचा दाखला मिळाला असता. आता तो आमचा कर्मचारी नाही. बाहेरच्या माणसाला स्पर्धकाशी बोलता येतं, पण माझ्या देखत. बोला."

तो उठला. मी डोळे पुसले. किती आठवडे वाट पाहिली होती मी या क्षणाची...

"त्याचं असं आहे," तो एका दमात सुरू झाला, "वोंबॅटच्या आतड्याची लवचीकता सगळीकडे सारखी नसते, म्हणून ते ठोकळे तयार होतात, मी वाचलंय कुठेतरी, आणि ते आजोबांचं तक्ता पाठ करणं, मी ते घरी आईला सांगितलं, ती दोन दिवस हसत होती, आणि तुम्ही परवा निळ्या रंगात फार..."

"अहो!" मी ओरडले. "मुद्द्याचं बोला!"

तो थांबला. कान पेटल्यासारखे लाल.

"मला तुम्ही आवडता. फार. तुम्ही माझ्यासाठी हरत होतात... ते मला बघवेना. हरणं तुम्हाला शोभत नाही. म्हटलं, सोडायचंच तर मी सोडतो."

"आणि दाखला? रेडिओची नोकरी?"

"आत्ता फोन केला त्यांना. खरं काय ते सांगितलं. म्हणाले, दाखल्याचं नंतर बघू, आधी ही गोष्ट सकाळच्या कार्यक्रमात सांगा."

मी हसले, आणि रडलेही. "आधी सांगायचं ना! मी इकडे हरण्यासाठी जिवाचं रान करतेय..."

"कसं सांगणार? पाणी पाजून?"

हेडमास्तरीणबाईंना एकदम चष्मा पुसायची गरज भासली. आत्या साखळी फिरवत तिथे येऊन पोचलीच होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी त्याचा हात धरला, तो गार पडला होता, आणि म्हटलं, "मलाही तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. आणि रात्रीची गाडी वगैरे काही पकडायची नाही."

"पण मला उद्या सकाळी तिथे..."

"सोडते मी त्याला," आत्या म्हणाली. "गाडी आपलीच आहे."

"आत्या, तुला अजून मागे घेता येत नाही!"

"मागे घ्यायचंय कुणाला?" आत्या म्हणाली आणि किल्ली मागायला निघून गेली.